टाकी काढली, माती कोणी बघितली?

धाकट्याचा फोन वाजला की हल्ली माझ्या पोटात गोळा येतो. तो फार बोलत नाही. "दादा, कधी यायलास सहीला?" एवढंच विचारतो. मी काहीतरी सांगतो, तो "बरं" म्हणतो आणि फोन ठेवतो. दोन वर्षं झाली या गोष्टीला.

पुसेगावला आमची रोडलगत एक एकर जमीन आहे. सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावं. तिचे प्लॉट पाडायचे ठरलंय, गिऱ्हाईक तयार आहे, इसार द्यायला माणूस दोनदा दारात येऊन बसला. अडलीय ती फक्त माझी सही. धाकट्याच्या पोरीचं लग्न तोंडावर आहे, सोयाबीननं तीन वर्षं त्याला रडवलंय, हे मला ठाऊक आहे. गावात आता माझी ओळख 'भावाच्या पोटावर पाय देणारा मास्तर' अशी झालीय. परभणीत बसून पेन्शन खातो आणि इथल्या माणसाचं वाटोळं करतो, असं पारावर बोललं जातं. बोलू द्या. पण सही कामून अडवली हे कोणी विचारत नाही, म्हणून ते इथं लिहितो.

१९८६ साली आबांनी ती एक एकर एका तेल कंपनीला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली. तेव्हा आमची हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. कंपनीचं नाव मी घेत नाही. माझं भांडण एका कंपनीशी नाही, एका रीतीशी आहे.

टाक्यांचा खड्डा खोदला तेव्हा मी सुट्टीत घरी होतो. वर कंबरभर काळी माती, तिच्याखाली पिवळा मुरूम आणि मुरमाखाली भेगाळलेला खडक. सुरुंग लावून तो फोडला. मग ट्रकवरून दोन लोखंडी टाक्या आल्या. सगळं गाव बघायला जमलं. आबा म्हणाले, "दोन हत्ती पुरायलेत बघ." माणसं हसली. नारळ फुटला, पेढे वाटले. रात्री पंपाच्या ट्यूबलाइटचा उजेड आमच्या आखाड्यापर्यंत यायचा, त्याचं आम्हाला कोण कौतुक! पेट्रोलचा वासही आवडायचा. त्या भाड्यावर माझं बी.एड. झालं, बहिणीचं लग्न झालं, धाकट्याची पहिली मोटार विहिरीवर बसली. म्हणून मी आधीच सांगून टाकतो, पुढं जे लिहितोय त्यात मीही वाटेकरी आहे.

पंपावर रोज सकाळी टाकीत लांब दांडी घालून माल मोजायचे. विकलेला माल, उरलेला माल, यांचा मेळ लावायचा. मेळात थोडी तूट यायचीच. "उडालं" म्हणून तिथला माणूस वहीत लिहायचा. उन्हाळ्यात पेट्रोल उडतं हे खरंच आहे, त्यामुळं कोणी फार मनावर घेत नसे. पण एक हिशोब करून बघा. सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसाला साधारण सव्वाचार लिटर होतं. वर्षाला दीड हजार लिटर. एवढी तूट 'उडालं' या शब्दाखाली सहज झाकते. आणि काळी माती कशी असते ते शेतकऱ्याला सांगायला नको. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्षावर्षाला ती जमिनीखालच्या पाइपांना ओढते, दाबते. लोखंडाला गंज लागतो तो वेगळाच.

२०१६ साली पट्टा संपला. रस्त्यावर पुढं नवे पंप झाले होते, कंपनीनं हा बंद केला. क्रेन आणली, दोन्ही हत्ती बाहेर काढले, गॅसनं कापले, भंगारात गेले. एका दिवसात सगळं उरकलं. त्या दिवशी मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो. तळाचा मुरूम पिवळा राहिला नव्हता, काळपट हिरवा झाला होता, आणि वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. जेसीबीवाल्यानं तोंडाला रुमाल बांधला आणि तोच मुरूम परत खड्ड्यात लोटला. वर दोन ट्रॅक्टर माती टाकली. कागद झाला, 'जागा मोकळी करून ताब्यात दिली.' आम्ही सही केली. एक मूठ मातीही कोणी तपासायला नेली नाही. मी नाकाला रुमाल लावून उभा राहिलो आणि बोललो नाही, कारण मला बसनं परभणीला परत जायचं होतं.

आमच्या उताराला शेजारच्या मामांची जुनी विहीर आहे. सात परस खोल, चिरेबंदी, उन्हाळ्यातही कधी तळ न दाखवलेली. मामांचं घरही तिथंच, आखाड्यावर. पिण्याचं पाणी तेच. दुसऱ्या वर्षाच्या पोळ्याला त्यांनी बैल धुवायला विहिरीवर आणले. हौदात तोंड घातल्याबरोबर बैलांनी फुर्र केलं आणि मान फिरवली. मामांनी चुचकारलं, दटावलं, बैल काही तोंड लावेनात. मग मामा वाकून बघतात तर पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग. वास रॉकेलसारखा, पण रॉकेल नव्हे.

"मास्तर," ते मला म्हणाले, "बैलाला कळलं ते आमाला न्हाई कळलं. तुमच्या पंपाचं पानी पेयलो की हो आमी."

चढा आवाज नव्हता त्यांचा. त्यामुळंच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

मी पाणी तपासायचं ठरवलं. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली धुतली, तीत पाणी भरलं, पिशवीत घातली, एसटीनं घेऊन गेलो आणि एका प्रयोगशाळेत दिली. आठ दिवसांनी अहवाल आला. क्षार थोडे जास्त, नायट्रेट मर्यादेत, फ्लोराइड मर्यादेत, जंतू नाहीत. खाली शिक्का, 'पिण्यास योग्य'. ज्या पाण्याला बैल तोंड लावत नव्हता ते माणसाला योग्य ठरलं. त्या प्रयोगशाळेनं खोटं काही लिहिलं नव्हतं. जे तपासलं ते लिहिलं. पेट्रोल तपासायचं कोणी सांगितलंच नव्हतं. गावागावांत बायांना पाणी तपासायच्या ज्या पेट्या दिल्यात, त्यातही हे तपासायची सोय नाही. आणि मी नेलं ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत, उन्हातून, हिंदकळत. असलं पाणी काचेच्या छोट्या बाटलीत, वर हवेचा एक बुडबुडाही न ठेवता भरायचं असतं आणि बर्फात ठेवून लगेच पोचवायचं असतं, हे मला नंतर कळलं. आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं त्या मास्तराला.

पुढं पदरचे पैसे घालून एका खासगी प्रयोगशाळेतून रीतसर तपासणी केली. बेंझिनच्या रकान्यात आकडा आला आणि तो मर्यादेच्या बाहेर होता.

बेंझिन म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो, कारण गावात "थोडा वास आला तर काय मरतंय?" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पेट्रोलमध्ये ते असतंच. १ एप्रिल २०२० पासून देशभर जे बीएस-६ पेट्रोल मिळतं त्यात जास्तीत जास्त एक टक्का चालतं. जुन्या पेट्रोलमध्ये त्याहून जास्त असायचं. शिवाय २००० साल उजाडेपर्यंत आपल्याकडं पेट्रोलमध्ये शिसं घातलेलं असे. आमच्या टाक्यांनी चौदा वर्षं तेही साठवलं. बेंझिननं रक्ताचा कर्करोग होतो, हे आता वादाचं राहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये एक टक्का धरलं तर आठ-नऊ ग्रॅम बेंझिन निघतं. करा भागाकार. एका लिटरमधलं बेंझिन आठ-नऊ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. आणि नाकाला वास कळण्याच्या कितीतरी आधी ही मर्यादा ओलांडलेली असते. म्हणजे "आता वास न्हाई, आता चालतंय" हे म्हणणंही खोटं.

वास येतो-जातो कसा, तेही बघा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलावर तरंगतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तेही खाली उतरतं आणि मुरमाच्या, खडकाच्या भेगांना चिकटून बसतं. पाऊस पडला, पाणी चढलं, की ते चिकटलेलं परत धुऊन निघतं. म्हणून मामांच्या विहिरीला वास पोळ्याला आला, अक्षय तृतीयेला नाही. ग्रामपंचायतीनं विहिरीत टीसीएल पावडर टाकली. ती जंतूंसाठी असते, पेट्रोलला तिचं काय? कोणी म्हणालं उकळून प्या. उकळलं तर बेंझिन पाण्यातून निघतं खरं, पण जातं कुठं? चुलीपुढं बसलेल्या बाईच्या छातीत. कोणी सांगितलं विहीर बुजवून टाका, कटकट मिटेल. विहीर बुजली म्हणजे पाणी बुजत नाही. आणि एकानं तर मोटार सोडून सगळं पाणी उपसायचा सल्ला दिला. बंदिस्त विहिरीत पेट्रोलची वाफ साचलेली असताना मोटारीची ठिणगी पडली तर काय होईल, याचा विचार त्याच्या गावी नव्हता.

मग अर्ज सुरू झाले. ज्या कार्यालयाला आग लागू नये याची काळजी, ते म्हणालं, टाक्या काढल्या, आता आग कुठं लागणार? ज्याला प्रदूषणाची काळजी, ते म्हणालं, पंप चालू नाही, मग कारवाई कोणावर करायची? पाण्याच्या खात्याला विहिरीत पाणी किती हाताचं आहे यात रस होता, पाण्यात काय आहे यात नव्हता. कंपनी म्हणाली पंप चालवणाऱ्याला विचारा. चालवणारा म्हणाला, टाक्या माझ्या नव्हत्या, कंपनीच्या होत्या. आणि सगळ्यांनी मिळून शेवटी बोट दाखवलं ते बरोबर जागी. "जमीन कोणाची? तुमचीच ना?"

इथं माझा मुद्दा आहे. आपल्याकडं पंप सुरू करताना हजार अटी असतात. रस्त्यापासून किती, शाळेपासून किती, दवाखान्यापासून किती. केंद्रीय प्रदूषण मंडळानं जानेवारी २०२० मध्ये त्याचे मीटर ठरवून दिले, ते चांगलंच झालं. पण तीस वर्षं जमिनीत विष साठवून निघून जाणाऱ्याला जाताना कोण अडवतं? भाड्याच्या खोलीतून पोरगं निघालं तर घरमालक भिंतीचे खिळे मोजतो, अनामत कापून घेतो. इथं दोन हत्ती निघाले आणि त्यांची लीद आमच्या आणि मामांच्या पदरात टाकून गेले. माझं म्हणणं एवढंच आहे की टाकी काढली त्याच दिवशी तळाची माती आणि आसपासच्या विहिरींचं पाणी तिऱ्हाइताकडून तपासलं पाहिजे, अहवाल गावसभेत वाचला पाहिजे, आणि तो अहवाल साफ येईपर्यंत पट्टा संपला असं धरता कामा नये. भाडं चालू राहिलं पाहिजे. भाडं चालू राहिलं की बघा माती कशी लवकर साफ होते.

यावर एक शहाणपणाचं उत्तर ठरलेलं असतं. "हे अमेरिकेत चालतं, आपल्याकडं पैसा कुठाय?" अमेरिकेत हे आपोआप झालेलं नाही. तिथंही टाक्या गळत होत्या, लोकांच्या नळाला पेट्रोल येत होतं, बोंब झाली तेव्हा १९८४ साली कायदा झाला. १९८६ साली गळक्या टाक्यांसाठी निधी काढला. तो कशातून? विकलेल्या इंधनावर गॅलनमागं एक दशांश सेंट. पुढं पाच लाखांहून जास्त गळत्या सापडल्या आणि त्यातल्या बहुतेक साफ झाल्या. आपण लिटरमागं दोन पैसे धरू. रोज पाच हजार लिटर विकणारा पंप दिवसाला शंभर रुपये देईल. तीस वर्षांत जवळपास अकरा लाख. प्रत्येक पंप काही गळत नाही. सगळ्यांचे मिळून ठेवले तर गळणाऱ्याची भरपाई निघेल. पेट्रोल भरताना दोन पैसे जास्त गेले तर आपल्यापैकी कोणाच्या लक्षात तरी येईल का?

आणि साफ करता येतं. हे काही चंद्रावर जाण्यासारखं नाही. वरची बिघडलेली माती खणून जाड प्लास्टिकवर पसरायची, तिला खत, ओल द्यायची, पुन्हापुन्हा पालथी घालायची. मातीतले जीवाणू डिझेल खातात. शेणखत मुरवणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही, मात्र ते जाणत्याच्या देखरेखीखाली व्हावं, घरच्या घरी नव्हे. तेलावर वाढणारे असे जीवाणू आपल्याच देशात 'टेरी' या संस्थेनं तयार केले आहेत, 'ऑइलझॅपर' नावानं. मुरमातली वाफ पंपानं ओढून घेता येते, पाण्यावरचं तरंगतं तेल काढता येतं, पाणी उपसून कोळशातून गाळता येतं. नागपूरला नीरी आहे, १९५८ पासून. आपल्या भेगाळ खडकात हे काम अवघड आणि वेळखाऊ आहे, ते मी नाकारत नाही. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये २०१३ साली लोकांच्या बोअरला पेट्रोल लागलं. जमिनीखालची तेलाची वाहिनी गळत होती. तिथं हरित लवाद आला, आयआयटी मद्रासची माणसं आली, आणि तरी काम वर्षांच्या हिशोबानंच चाललं. पण सुरू तर झालं! तोंडियारपेट महानगरात आहे. पुसेगावच्या एका विहिरीसाठी कोण येतो?

न्यायालयात जा म्हणतात. राजस्थानातलं बिछडी गाव गेलं होतं. तिथल्या रासायनिक कारखान्यांनी विहिरी लाल केल्या. सुप्रीम कोर्टानं १९९६ साली स्पष्ट सांगितलं, ज्यानं घाण केली त्यानं खर्च द्यायचा. कारखानदारानं एकामागून एक अर्ज केले. २०११ साली त्याच कोर्टाला परत सांगावं लागलं, ३७ कोटींहून जास्त रक्कम व्याजासकट भर म्हणून. पंधरा वर्षांत एक पिढी त्या विहिरीकडं बघत मोठी झाली. मामा आज पंच्याहत्तरीचे आहेत.

एक गोष्ट मात्र नवी झालीय. २४ जुलै २०२५ ला केंद्रानं दूषित जागांसाठी वेगळे नियम काढले. जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या संशयित जागांची यादी द्यायची, राज्याच्या प्रदूषण मंडळानं नव्वद दिवसांत प्राथमिक तपास करायचा, मग सविस्तर तपास, मग ज्यानं केलं त्याच्याकडून खर्च. त्या वेळी देशभरात १०३ दूषित जागा ओळखल्या होत्या आणि साफसफाई सुरू होती फक्त ७ ठिकाणी, असं छापून आलं. एकशेतीन! आमच्यासारखे बंद पंपच या देशात किती असतील, मोजा. यादी भरणार कोण? तलाठी वास घेत हिंडणार नाही. गावानं सांगितलं तर नोंद होणार, आणि गाव सांगणार नाही, कारण यादीत नाव गेलं की जमिनीचा भाव पडतो. कंपनीचा खरा वकील हा आपला भाव आहे. आपणच तोंड दाबून बसतो आणि मग सरकार ऐकत नाही म्हणतो.

म्हणून सही. आमच्या एक एकरात बारा-तेरा प्लॉट पडतील. प्रत्येक जण घर बांधणार आणि प्रत्येक जण आधी बोअर मारणार, दोनशे-तीनशे फूट. आज जे पेट्रोल वरच्या मुरमात आणि भेगांत आहे, त्याला ही बारा-तेरा भोकं खालच्या पाण्यापर्यंत वाट करून देतील. मामांची विहीर गेली, मग खालच्या बोअरचं पाणी जाईल. प्लॉट घेणारे कोण? हिंगोलीत हमाली करणारा, एखादी अंगणवाडीची बाई, आयुष्यभराची पुंजी घालणारे. त्यांना मी कागदावर लिहून देऊ, 'सदर जागा निर्वेध आहे'?

धाकट्याला हे मी दोनदा सांगितलं. तो मूर्ख नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, तुजं शिक्षान त्याच भाड्यात झालं. तवा न्हाई वास आला?" याला माझ्याकडं उत्तर नाही. माझा हिस्सा पोरीच्या लग्नाला घे म्हणालो. पण हिस्सा विकल्याशिवाय पैसा होत नाही आणि विकायला सही लागते, हे त्यालाही कळतं, मलाही. पेन्शनवर कर्ज काढून थोडे दिले. त्यानं घेतले, पण माझ्याकडं बघून नाही.

गेल्या महिन्यात जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला, नव्या नियमांखाली. सोबत विहिरीचा अहवाल, भाडेपट्ट्याची नक्कल, आणि माझा स्वतःचा जबाब, की खड्ड्याचा तळ मी डोळ्यांनी बघितला होता आणि गप्प राहिलो होतो. अर्जावर मामांचा अंगठा आहे. आता ते पिण्याचं पाणी लांबून, गावातल्या नळावरून आणतात, सुनेच्या डोक्यावर दोन हंडे असतात. विहिरीचं पाणी भांड्यालाही वापरत नाहीत, पण रोज सकाळी जाऊन तिच्यात डोकावतात.

पोच घेऊन मी थेट धाकट्याकडं गेलो. भावजयीनं चहा ठेवला. त्यानं शिक्का मारलेला कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"नव्वद दिवस म्हंतेत," तो म्हणाला. "लगन साठ दिवसांवर हाय."